सगळं गुलाबी-जांभळंच दिसतं? मग पुस्तक थोडा वेळ मिटून ठेव

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय: "ताई, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पॅथॉलॉजीने जीव नकोसा केलाय. पुस्तक वाचते तेव्हा सगळं कळतं, चार दिवसांनी कोणी विचारलं तर डोकं कोरं. स्लाइड बघितली की मला सगळं गुलाबी आणि जांभळंच दिसतं, बाकीच्यांना काय दिसतं देव जाणे. पैसे भरून ऑनलाइन कोर्स लावणं जमणार नाही. फ्री शोधायला गेले तर एवढ्या साइट्स, एवढे चॅनेल्स, टेलिग्रामवर पुस्तकांच्या पीडीएफ, सगळं सेव्ह करून ठेवलंय आणि उघडलेलं एकही नाही. फुकटात खरंच होतं का? नक्की काय बघू? स्लाइडचा फोटो एआयला दाखवून विचारलं तर चालतं का? फ्री कोर्सच्या सर्टिफिकेटला काही अर्थ असतो का? आणि माझी मोठी बहीण पॅथॉलॉजीत रेसिडेन्सी करतेय, तिच्यासाठीही काही असेल तर सांगा. तुमची, सगळं गुलाबी."

सगळं गुलाबी, नाव झकास घेतलंयस.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. हो, फुकटात होतं, आणि चांगलं होतं. पॅथॉलॉजीच्या, म्हणजे रोगाने शरीरात काय बिघडतं त्या अभ्यासाच्या, बाबतीत तर तू नशीबवान आहेस, कारण विषयच चित्रांचा आणि पॅथॉलॉजिस्ट मंडळींना आपल्या केसेस चारचौघांना दाखवायची भारी हौस, त्यामुळे इंटरनेट आलं तसं या लोकांनी फोटो, स्लाइड्स, नोट्स वर टाकायला सुरुवात केली, वेबपाथ नावाची साइट तर 1994 पासून आहे, म्हणजे बहुतेक तुझ्या जन्माच्या आधीपासून. मटेरियल कमी पडतंय असं कोणी म्हणूच शकत नाही. घोळ दुसरीकडे आहे आणि तो तू स्वतःच लिहिलायस, "पुस्तक वाचते तेव्हा सगळं कळतं". तू आधी वाचतेस आणि मग बघतेस. खरं सांगू, बहुतेक वेळा बघतही नसशील, फोटोखालचं नाव वाचायचं, "हां हां, हेच ते" म्हणायचं आणि पान उलटायचं. तर हा क्रम उलटा कर. आधी बघ, काय दिसतंय ते स्वतःच्या शब्दांत लिही, मग वाच. एवढ्या ढिगातून काय उचलायचं हेही त्यावरूनच ठरव, जी साइट तुला आधी बघू देते ती आधी, जी उत्तर आधीच हातात ठेवते ती नंतर.

आता गुलाबी-जांभळ्याचं. त्यात तुझी काही चूक नाही, ते असतंच गुलाबी-जांभळं. नेहमीच्या स्लाइड्स, म्हणजे काचेवर ठेवलेले टिश्यूचे पातळ काप, एच अँड ई ने रंगवतात, हिमॅटॉक्सिलिनने न्यूक्लियस निळे-जांभळे होतात आणि इओसिनने सायटोप्लाझम, कोलॅजन, मसल, तांबड्या पेशी असं बाकीचं बरंचसं गुलाबी. दोन रंगांत सगळा कारभार. म्हणून रंगावरून ओळखायला गेलं की संपलं. पेशीचा आकार कसा, त्या कशा मांडल्यात, कुठल्या थरात बसल्यात, कुठे नको तिथे गर्दी झालीय, हे बघायचं असतं आणि हे डोळ्यांना सवयीनेच येतं.

त्यासाठी पहिली पायरी पॅथॉलॉजीची नाहीच, हिस्टॉलॉजीची आहे, म्हणजे निरोगी टिश्यू मायक्रोस्कोपखाली कसा दिसतो त्या विषयाची. माहितीये, तो पेपर तू पहिल्या वर्षी देऊन मोकळी झालीस आणि पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलंयस. पण नॉर्मल लिव्हर कसं दिसतं हेच डोळ्यांसमोर नसेल तर सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होतं तेव्हा, बिघडलंय काय हे कशावरून कळणार? हिस्टॉलॉजी गाइड म्हणून साइट आहे, मिनेसोटा युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापकांनी केलेली, त्यात खऱ्या स्कॅन केलेल्या स्लाइड्स आहेत, माउसने झूम करत कुठेही फिरायचं, मायक्रोस्कोपसारखंच. लॉगिनची कटकट नाही. अख्खी हिस्टॉलॉजी परत करायची अजिबात गरज नाही, ज्या दिवशी किडनीची पॅथॉलॉजी घेशील त्या दिवशी आधी नॉर्मल किडनीत दहा मिनिटं भटकून ये, ग्लोमेरुलस शोध, ट्युब्यूल शोध, रक्तवाहिनी शोध, बास. त्या दहा मिनिटांनी पुढचं वाचन किती हलकं होतं ते तुझं तूच बघ.

हे नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक स्लाइड घेऊनच सांगते. ॲपेंडिक्स घे. अक्यूट ॲपेंडिसायटिस सगळ्यांना "येतं", व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारलं की "न्यूट्रोफिल्स दिसतात मॅम" एवढं पाठ असतं. आता खरी स्लाइड उघड, आणि उघडल्या उघडल्या मोठ्या झूमवर जायचं नाही, हा मोह सगळ्यांना होतो आणि तिथेच हरवायला होतं. सगळ्यात लहान झूमवर राहा. गोल आडवा छेद दिसेल, मधे पोकळी म्हणजे ल्युमेन, त्याभोवती म्युकोसा, त्यात मोठ्या आतड्यासारख्या ग्रंथी, आणि म्युकोसाच्या खालोखाल जांभळ्या पेशींचे गोल गोल पुंजके, काहींच्या मधे फिकट भाग. आता इथे दहातले आठ जण आनंदाने ओरडतात "इन्फ्लमेशन!" आणि ते चुकीचं असतं, कारण ते लिम्फॉइड फॉलिकल आहेत, तरुण माणसाच्या ॲपेंडिक्समध्ये ते असायलाच पाहिजेत, मधला फिकट भाग म्हणजे जर्मिनल सेंटर. नॉर्मल बघितलेलं नसेल तर इथेच विकेट पडते. मग बघायचं कुठे? भिंतीत. बाहेरच्या बाजूला मसलचे दोन थर असतात, मस्क्युलॅरिस प्रोप्रिया, तिथे हळूहळू झूम करत जा. मसलच्या गुलाबी पट्ट्यांच्या मधे मधे बारीक पेशी घुसलेल्या दिसतील, न्यूक्लियस एकसंध गोल नाही, दोन-तीन-चार तुकडे बारीक धाग्याने जोडल्यासारखा. हे न्यूट्रोफिल, इन्फेक्शनवर आधी धावून जाणारी पांढरी पेशी. लिम्फोसाइट असता तर न्यूक्लियस गोल, गडद आणि सायटोप्लाझम जवळजवळ नाहीच, इओसिनोफिल असता तर न्यूक्लियसचे साधारण दोन भाग आणि आजूबाजूला लालभडक दाणे. तर "न्यूट्रोफिल दिसतात" हे उत्तर अर्धवट आहे, ते मस्क्युलॅरिस प्रोप्रियात दिसतात हे निदानाचं वाक्य. पुढे म्युकोसा कुठे फाटलाय का, ल्युमेनमध्ये पू आहे का, सगळ्यात बाहेर सेरोसावर फायब्रिनचा गुलाबी थर चढलाय का, हे बघून घे. एवढं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी शोधलंस की ॲपेंडिसायटिस पाठ करायची वेळ येणार नाही.

अशा फुकट स्लाइड्स कुठे मिळतात तर मिशिगन युनिव्हर्सिटीचा व्हर्च्युअल स्लाइड बॉक्स आहे आणि इंग्लंडातल्या लीड्स युनिव्हर्सिटीची व्हर्च्युअल पॅथॉलॉजी आहे. लीड्सचं कलेक्शन प्रचंड आहे, तुला त्यातलं मूठभर पुरेल, म्हणून तिथे नुसतं ब्राउझ करत बसू नकोस, आज काय बघायचं ते ठरवूनच जा नाहीतर दोन तास जातील आणि हाती काही लागणार नाही. बघताना वही जवळ ठेव आणि चार गोष्टी लिही, अवयव कुठला, त्यातलं नॉर्मल काय काय ओळखू आलं, वेगळं काय दिसतंय आणि ते नक्की कुठे, आणि सगळ्यात शेवटी तुझ्या मते नाव काय. नाव शेवटी हं. चुकलं तरी हरकत नाही, चुकीचं नाव आणि बरोबर वर्णन हे बरोबर नाव आणि शून्य वर्णनापेक्षा केव्हाही बरं, प्रॅक्टिकललासुद्धा. आणि हे शक्यतो लॅपटॉपवर कर, मोबाइलच्या स्क्रीनवर अख्ख्या छेदाचा अंदाज येत नाही, मिळत नसेल तर लायब्ररीतला कॉम्प्युटर चालेल.

एक मात्र लक्षात ठेव, स्कॅन केलेली स्लाइड म्हणजे मायक्रोस्कोपला पूर्ण पर्याय नाही. बहुतेक स्कॅन एकाच फोकसवर घेतलेले असतात, त्यामुळे खऱ्या मायक्रोस्कोपवर फाइन ॲडजस्टमेंट मागेपुढे करून पेशींच्या थराची जाडी जशी कळते तसं इथे होत नाही, स्मिअर बघताना हे जास्त जाणवतं. पोलरायझरखाली बघायच्या गोष्टींचंही तेच, कॉंगो रेड स्टेन केलेलं ॲमिलॉइड (टिश्यूत साचलेलं बिघडलेलं प्रोटीन) पोलराइज्ड लाइटमध्ये हिरवं चमकतं ते साध्या स्कॅनवर दिसायचं नाही, त्याचा कोणीतरी मुद्दाम काढलेला फोटोच बघावा लागतो. त्यामुळे कॉलेजच्या स्लाइड्सचा वेळ बुडवू नकोस, घरी स्क्रीनवर बघून गेलीस की तिथे तोच अर्धा तास दुप्पट कामाला येतो.

मग येतं वेबपाथ, वर ज्याचं वय सांगितलं ते. युटा युनिव्हर्सिटीच्या साइटवर आहे, डॉ. एडवर्ड क्लॅट यांनी उभं केलेलं. दिसायला अगदी जुनाट, पहिल्यांदा उघडशील तेव्हा वाटेल हे चालू तरी आहे का, पण दुसऱ्या वर्षाच्या पोरांसाठी एकच साइट सांगा असं कोणी मला म्हटलं तर मी हीच सांगेन. कारण त्यात ग्रॉस (नुसत्या डोळ्यांना दिसणारं) आणि मायक्रोस्कोपी दोन्हीचे फोटो शेजारी शेजारी आहेत, खाली दोन-चार ओळींचं साधं वर्णन, आणि सिस्टिमप्रमाणे प्रश्नांचे सेट. ग्रॉस हा भाग मुलं कायम ऑप्शनला टाकतात आणि मग जारमधला स्पेसिमन समोर आला की तोंड पाहत बसतात. तिथलं मायोकार्डियल इन्फार्क्शनचं, म्हणजे हार्ट अटॅकचं, ट्युटोरियल तर नक्की बघ. पहिले काही तास साध्या मायक्रोस्कोपखाली जवळजवळ काहीच दिसत नाही, मग मसलच्या पेशी भडक गुलाबी होऊन न्यूक्लियस नाहीसे व्हायला लागतात, एक ते तीन दिवसांत न्यूट्रोफिल्सची झुंबड, नंतर मॅक्रोफेज येऊन साफसफाई करतात, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास ग्रॅन्युलेशन टिश्यू आणि मग हळूहळू पांढरा स्कार. हा टेबल पुस्तकात पाठ करायला गेलीस की आकडे एकमेकांत घुसतात, फोटो ओळीने बघितलेस की जखम भरण्याची गोष्ट होते आणि गोष्ट विसरायला होत नाही. बघताना खालचं वर्णन हाताने झाकायचं, आधी स्वतः बोलायचं. होय, हाताने. याहून भारी ॲप माझ्याकडे नाही.

आता पॅथॉलॉजी आउटलाइन्स. हे तू सेव्ह केलेलं असणारच, कारण गूगलवर कुठल्याही ट्यूमरचं नाव टाकलं की हेच वर येतं. 2001 पासून आहे, फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. पण ते तुझ्यासाठी लिहिलेलं नाही गं. ते लिहिलंय रिपोर्ट सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टसाठी, ज्याला रोग माहीतच आहे आणि फक्त कुठला इम्युनोस्टेन (ठराविक प्रोटीन दाखवणारा रंग) पॉझिटिव्ह, कुठला निगेटिव्ह, आणि याच्यासारखं दिसणारं दुसरं काय एवढं चटकन तपासायचंय. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला घेणं म्हणजे भाषा शिकायला डिक्शनरी वाचत बसण्यातला प्रकार. तुझ्यापुरतं सांगते, प्रत्येक पानावर "इसेन्शियल फीचर्स" असतात ते वाच, मायक्रोस्कोपीचं वर्णन वाच, फोटो बघ, शेवटी बोर्ड रिव्ह्यूचा प्रश्न असतो तो सोडव, आणि पान बंद कर. इम्युनो आणि मॉलिक्युलरचे मोठे मोठे परिच्छेद आत्ता बिनधास्त सोड.

वाचायला फ्रीमध्ये काय, तर एनसीबीआय बुकशेल्फ या अमेरिकन सरकारी ऑनलाइन लायब्ररीत स्टॅटपर्ल्सचे लेख आहेत, तिथे पूर्ण वाचायला मिळतात. दर्जा मात्र वर-खाली आहे, काही लेख सुरेख आणि काही नुसती भरताड, त्यामुळे रोगाचा आवाका समजून घ्यायला ठीक, पण कॉलेजने लावलेल्या टेक्स्टबुकची जागा कुठलीच फ्री साइट घेत नाही. ते लायब्ररीत असतं, सीनियर्सकडे असतं. टेलिग्रामवरच्या पीडीएफबद्दल मी तुला लेक्चर देणार नाही, चोरीचा माल आहे हे तुलाही माहितीये. पण त्यातली दुसरी गोम बघ, तिथे फिरणाऱ्या फायली बऱ्याचदा जुन्या आवृत्तीच्या असतात आणि पॅथॉलॉजीत वर्गीकरण सारखं बदलतं. थायरॉइडच्या एका गाठीचं घे, कॅप्सूलच्या आत राहिलेल्या, कुठेही न घुसलेल्या फॉलिक्युलर व्हेरियंटला आधी पॅपिलरी कार्सिनोमा म्हणायचे, 2016 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याचं नाव बदलून त्यातून कार्सिनोमा हा शब्दच काढला, कारण ते इतकं थंड वागतं की पेशंटला कॅन्सर म्हणून घाबरवायची आणि जास्तीचं ऑपरेशन करायची गरज नव्हती. मेंदूच्या ट्यूमरचं तसंच, 2021 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात ग्लिओब्लास्टोमा हे नाव मोठ्या माणसांमध्ये फक्त आयडीएच या जीनमध्ये म्युटेशन नसलेल्यांनाच. जुनी पीडीएफ हे तुला कुठून सांगणार? पॅथॉलॉजी आउटलाइन्सवर प्रत्येक विषयाच्या वर शेवटचं अपडेट कधी झालं ती तारीख असते, ती बघायची सवय लाव, कुठल्याही साइटवर तारीख शोध, नसेल तर जरा संशयाने वाच.

युट्यूबवर थोडक्यात. चांगले लोक आहेत, सॉफ्ट टिश्यू आणि स्किनसाठी डॉ. जेराड गार्डनर यांचा चॅनेल प्रसिद्ध आहे, ते स्लाइड स्क्रीनवर फिरवत फिरवत मोठ्याने विचार करतात आणि हे ऐकणं फार मोलाचं असतं, म्हणजे ते कुठे थांबतात, आधी काय बघतात, कशाला महत्त्व देत नाहीत. तुझ्या लेव्हलच्या वर आहे पण महिन्यातून एखादा बघ, पद्धत शिकायला. बाकी हाताने आकृत्या काढत जनरल पॅथॉलॉजी समजावणारे खंडीभर व्हिडिओ आहेत, त्यातला तुला ज्याचं बोलणं समजतं तो एकच पकड. व्हिडिओचं दुखणं असं की बघताना फार हुशार झाल्यासारखं वाटतं. मधेच थांबवायचं, आता हा माणूस पुढे काय म्हणेल ते स्वतः बोलायचं, मग पुढे चालू. दीडपट स्पीडने रात्री अंथरुणात पडून बघितलेलं लेक्चर म्हणजे सीरियलच.

विसरण्याबद्दल. चार दिवसांनी डोकं कोरं होणं हे सगळ्यांचं होतं, हर्मन एबिंगहाउसने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला भराभर पुसलं जातं, आणि अधूनमधून आठवायला लावलं की टिकतं. पुन्हा वाचणं म्हणजे आठवणं नव्हे, ते तर समोर लिहिलेलंच असतं. त्यासाठी अंकी हे फ्लॅशकार्डचं ॲप वापर, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर मात्र पैसे पडतात, पण त्याची वेब आवृत्ती ब्राउझरमध्ये उघडली की तिथेही फुकटात भागतं. फक्त दुसऱ्यांचे हजारो कार्ड्सचे तयार डेक डाउनलोड करून ठेवू नकोस, त्यांचं तुझ्या बुकमार्क्ससारखंच होणार. स्वतःची बनव, थोडी बनव. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला नाव आणि ते नाव का याची तीन कारणं. समजा टीबीचा ग्रॅन्युलोमा (पेशींचा गोळा), तर मागे लिही: मधे दाणेदार गुलाबी केसिएशन (मेलेला भाग), भोवती चपलेच्या तळव्यासारखे लांबट न्यूक्लियस असलेल्या एपिथेलिऑइड पेशी, आणि कडेला घोड्याच्या नालेसारखे न्यूक्लियस मांडलेली लांगहान्स जायंट सेल. कारणं सांगता आली तरच कार्ड बरोबर, नुसतं नाव आठवलं तर ते कार्ड परत रांगेत. साइटवरचे फोटो स्वतःच्या अभ्यासाला वापर, डेक करून जगभर वाटत बसू नकोस, फोटोंवर त्यांच्या मालकांचा हक्क असतो.

एआयचं विचारलंयस. फोटो दाखवून निदान विचारू नकोस. तू पाठवतेस तो स्लाइडचा एक चौकोन, तोही मोबाइलने आयपीसमधून काढलेला, आणि समोरून उत्तर येतं इतक्या आत्मविश्वासाने की चुकलेलं आहे हे ओळखायला तुला आधी बरोबर काय ते माहीत असावं लागतं, जे तुला अजून माहीत नाही. वर शिकायचं काय तर बघायला, आणि बघायचं कामच दुसऱ्याला दिलं तर राहिलं काय? त्याचा उपयोग दुसरा आहे, तुझ्याकडून व्हायव्हा घ्यायला लाव. "मला नेफ्रोटिक सिंड्रोमवर एकेक प्रश्न विचार, उत्तर लगेच सांगू नकोस" असं लिही आणि भांड त्याच्याशी, शंका आली की पुस्तक उघडून निकाल लाव. आणि हॉस्पिटलमधल्या पेशंटचा रिपोर्ट, नाव-नंबर दिसणारी स्लाइड, असलं काहीही एआयवर किंवा कुठल्या ग्रुपवर टाकायचं नाही, स्लाइडच्या टोकाला चिकटवलेलं लेबल लोक विसरतात आणि ते फोटोत स्पष्ट वाचता येतं.

आता ताईसाहेबांसाठी. तिला पॅथॉलॉजी आउटलाइन्स मी सांगायची गरज नाही, ती त्यावरच जगत असणार. तिला रोझाय कलेक्शन बघायला सांग. डॉ. हुआन रोझाय, 1969 मध्ये डॉर्फमन यांच्याबरोबर ज्यांनी तो लिम्फ नोडचा आजार मांडला ज्याला आज दोघांचं नाव आहे, त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या स्लाइड सेमिनार्सच्या केसेस स्कॅन करून फुकट ठेवल्यात. एकेका केसमध्ये त्या काळातल्या दिग्गजांनी काय लिहिलं होतं तेही वाचायला मिळतं, आणि कित्येकदा त्यांच्यातही एकमत नसायचं, रेसिडेंटला हे बघून जरा धीर येतो. ग्रॉसिंगला, म्हणजे स्पेसिमन डोळ्यांनी तपासून कापायला, बसताना कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सचे कॅन्सर प्रोटोकॉल किंवा आयसीसीआर या कॅन्सर रिपोर्टिंगच्या आंतरराष्ट्रीय गटाचे डेटासेट शेजारी उघडे ठेवायचे, दोन्ही फुकट डाउनलोड होतात, ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सचेही आहेत. रिपोर्टमध्ये शेवटी काय काय लिहावं लागणार आहे हे आधी माहीत असलं की कुठून सेक्शन घ्यायचा ते आपोआप कळतं, मार्जिनला शाई लावायची राहिली आणि मग स्पेसिमन कापून झाला असं होत नाही. हिमॅटॉलॉजीला अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीची इमेज बँक. इम्युनोहिस्टोचं गणित बसत नसेल तर ह्युमन प्रोटीन ॲटलसमध्ये एखादा मार्कर टाकून तो नॉर्मल टिश्यूत कुठे कुठे उमटतो ते बघायचं, एखाद्या स्टेनला "स्पेसिफिक" म्हणायची जीभ मग जरा आवरते. आणि डिजिटल पॅथॉलॉजीची आवड असेल तर क्यूपाथ हे सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स आहे, थीसिससाठी पेशी मोजायला लोक वापरतात. थीसिसचे बरेच संदर्भ पबमेड सेंट्रलवर पूर्ण वाचायला मिळतात, त्यासाठी कोणाच्या पाया पडायला नको.

तुझं रोजचं काय ते सांगते, कारण मला माहितीये हे सगळं वाचून तू आणखी आठ बुकमार्क वाढवणार. सेव्ह केलेलं सगळं फोल्डर आजच उडव. मनापासून सांगतेय. ठेव तीन, हिस्टॉलॉजी गाइड, वेबपाथ आणि स्लाइड्ससाठी मिशिगन किंवा लीड्सपैकी एक. चौथं अंकी, ते ॲप आहे म्हणून त्याला माफी. पॅथॉलॉजी आउटलाइन्स बुकमार्क करायची गरजच नाही, ते गूगल आणून देतं. कॉलेजमध्ये उद्या जो विषय होणार त्याचं नॉर्मल आज रात्री बघ, लेक्चर झाल्यावर त्या संध्याकाळी एक स्लाइड आणि वहीत पाच ओळी, मग टेक्स्टबुकचं ते पान, मग वेबपाथचे प्रश्न. रविवारी फक्त जुनी कार्ड्स आणि आठवड्यात लिहिलेल्या वर्णनांवर एक नजर. एखाद्या दिवशी नाही जमलं तर नाही जमलं, दुसऱ्या दिवशी डबल करायला जाऊ नकोस, त्यानेच टाइमटेबलं मरतात. मैत्रीण असेल तर एकीने स्क्रीन न दाखवता वर्णन वाचायचं आणि दुसरीने निदान ओळखायचं, दुसरीला ओळखता आलं नाही तर बहुतेक वर्णनातच काहीतरी राहिलंय, आणि काय राहिलंय ते तिने विचारलेल्या प्रश्नावरूनच कळतं.

राहिलं सर्टिफिकेट. 2020 मध्ये लॉकडाउनच्या काळात पाथइलेक्टिव्ह म्हणून साइट सुरू झाली, ज्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पोस्टिंग मिळत नव्हतं त्यांच्यासाठी, तिथे विषयवार मॉड्यूल्स आहेत, क्विझ आहे आणि पास झालं की सर्टिफिकेटही मिळतं. मॉड्यूल चांगले आहेत, सुट्टीत एखादा कर. सर्टिफिकेटने परीक्षेत मार्क मिळत नाहीत, पुढे पॅथॉलॉजीतच जायचं ठरवलंस आणि मुलाखतीत "या विषयात खरंच रस आहे का" असं कोणी विचारलं तर दाखवायला बरं, पण त्याच्या लगेच पुढचा प्रश्न "बरं, मग त्यात काय बघितलंस" असा येतो.